‘बोन कंडक्शन’च्या नावाखाली साधे स्पीकर

महोदय,

कान मोकळे ठेवणारे हेडफोन रस्त्यावर चालणाऱ्या-पळणाऱ्यांसाठी खरोखर उपयोगी आहेत. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो. पण ऑनलाइन बाजारात पाचशे-सातशे रुपयांना ‘बोन कंडक्शन’ म्हणून विकले जाणारे अनेक हेडफोन म्हणजे कानाजवळ टांगलेले साधे छोटे स्पीकर असतात. खऱ्या बोन कंडक्शनमध्ये कंपने गालाच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोहोचतात. त्यामुळे बोटांनी कान बंद केले तरी गाणे ऐकू येते, उलट जास्त भरीव वाटते. साध्या स्पीकरचा आवाज मात्र लगेच दबतो. परत करण्याची मुदत संपण्याआधीच ही परीक्षा करावी. साधा स्पीकर वाईट नसतो, पण खोटे नाव लावून तो विकणे ही फसवणूकच आहे.

वायरलेस हेडफोनना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे. पाकिटावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला स्वतःच ग्राहक बनून कौतुकाचे अभिप्राय लिहिता येत नाहीत. तक्रार 1915 या हेल्पलाइनवर करता येते. विक्री संकेतस्थळांनी अशी खोटी वर्णने स्वतःहून हटवावीत, ही मागणी आहे.

– एक वाचक, ठाणे