उंबरखिंडीला जाण्याआधी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

शिवाजी महाराजांनी मोगल फौज कोंडली त्या उंबरखिंडीला जायचं तुम्ही ठरवलंत, फार बरं वाटलं. एकच आग्रह आहे, थेट लढाईच्या स्मारकापाशी जाऊ नका. आधी वरून घाट बघा, मग खाली उतरा. खालूनच पाहिलं तर दोन डोंगर आणि एक नदी दिसते, लढाई काही उलगडत नाही.

कारतलबखान या मोगल सरदाराला शाहिस्तेखानाने पाठवलं ते आपल्या पुण्यातूनच. शाहिस्तेखानाचा मुक्काम तेव्हा लाल महालात होता. (आताची वास्तू नवी आहे, जागा तेवढी जुनी.) कोकणात उतरायला बोरघाटाची वाट होती, ती सोडून कारतलबखानाने कुरवंड्याची आडवाट धरली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी ही फौज खाली कोंडली गेली.

म्हणून लोणावळ्याहून आधी कुरवंडे गावाला जा. पलीकडे नागफणीचा सुळका आहे. त्याचा माथा बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, अलीकडचं पठार पुरे. कड्याच्या फार जवळ जाऊ नका, वारा जोरात असतो. तिथून कोकणाकडे बघा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि खालचं, स्मारकाजवळचं चावणी गाव जवळजवळ कोकणाच्या पातळीला. एवढी उतरण तोफा-दारूगोळा, सामान आणि जनावरांसकट अरुंद वाटेने उतरायची, म्हणजे माणसामागे माणूस अशी लांबच लांब रांग होणार. पुढच्याला थांबवलं की मागचा आपोआप अडकतो, आणि वळून परत चढायला जागा नसते. महाराजांनी हेच हेरलं. फौज पूर्ण आत येईपर्यंत मावळे दोन्ही अंगांच्या झाडीत गप्प राहिले, मग पुढची आणि मागची तोंडं एकदम बंद केली. शेवटी मोगल फौजेतल्याच माहूरच्या रायबागन या सरदारीणबाईंनी कारतलबखानाला शरण जायचा सल्ला दिला. सामानसुमान आणि खंडणी ठेवून फौजेला जाऊ दिलं.

‘खिंड’ या शब्दाने बरेच जण फसतात. पावनखिंडीसारखी चिंचोळी फट शोधतात आणि हिरमुसतात. इथे ती एक लांबलचक ओढ्याची दरी आहे, फौज अडकली ती सबंध दरीत. आणखी एक, हिवाळ्यात आज झाडी विरळ दिसते, तेव्हा तिथे दाट रान होतं. झाडी मनात भरून घेतल्याशिवाय एवढे मावळे लपले कसे हे कळत नाही.

आता खाली कसं जायचं ते. घाटवाटेने पायी उतरू नका, गाडीने जुन्या रस्त्याने खंडाळ्यावरून खोपोलीला या. तिथून पालीच्या रस्त्याला लागायचं आणि चावणीसाठी आत वळायचं. आतला रस्ता अरुंद आहे, ड्रायव्हरला घाई करू देऊ नका. फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून लोणावळ्यातच नकाशा डाउनलोड करून ठेवा. रेल्वेचा विचार सोडा. पुणे-मुंबई गाड्या खोपोलीला जात नाहीत, कर्जतला उतरून दुसरी लोकल धरावी लागते, आणि पुढे गाडी लागतेच.

स्मारक अंबा नदीच्या काठच्या खडकावर आहे. वर चढलंच पाहिजे असं नाही, खाली उभं राहून लोणावळ्याकडे तोंड केलंत तरी सह्याद्रीची सगळी भिंत समोर येते. सकाळी ज्या पठारावर उभे होतात, त्यापलीकडची नागफणी तिथे शोधा. बाबा, दुर्बीण घ्या. नदीतल्या गोट्यांवर शेवाळ असतं, आई, चपला नकोत, मागून बंद असलेले बूटच घाल. पाणी माणशी २ लिटर आणि डबा घरूनच न्या, जवळ दुकान मिळेल या भरवशावर राहू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात नदी चढते, तेव्हा नकोच. शनिवार-रविवारी बोरघाटात गाड्या तुंबतात. पुढे पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेणारच असाल, तर मंगळवार आणि चतुर्थीही टाळा. बुधवार किंवा गुरुवार धरा. पहाटे ६ ला घर सोडलंत तर ऊन चढायच्या आत पठार बघून होईल. बाबांची सकाळची गोळी नाश्त्यानंतरची आहे, तेव्हा लोणावळ्यात आधी खाऊन मगच कुरवंड्याकडे निघा. दिवस ठरला की कळवा, गाडी इथून बुक करते.

तुमची,
ताई