नुसतं बटण नसतं गं, मने

प्रिय मने,

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "तुमचं एक्स-रेवाल्यांचं काय बाई, बटण दाबायचं नि फोटो काढायचा", आणि तेवढ्यात वॉर्डातून कॉल आला म्हणून बोलणं तुटलं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. राग नाही आला गं, आईसुद्धा शेजारणींना "आमची फोटोच्या खात्यात आहे" असंच सांगते. पण आता तुझा बंड्या बारावीनंतर हेच करायचं म्हणतोय, म्हणून म्हटलं नीट लिहावं. नाईट संपवून रूमवर आलेय, झोप येत नाहीये.

बटणापासूनच सुरू करते. ते दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की क्ष-किरण सोडणाऱ्या ट्यूबमधली टंगस्टनची चकती फिरायला लागते, घूंऽऽ असा आवाज येतो, आणि पूर्ण दाबलं की एक्स्पोजर, म्हणजे किरण सुटतात. चकती फिरवावी लागते कारण आत जी शक्ती जाते त्यातली जेमतेम 1 टक्का क्ष-किरण होते, बाकी सगळी उष्णता, ती एकाच जागी पडत राहिली तर चकती जळून जाईल. त्या घूं आणि एक्स्पोजरच्या मधल्या सेकंदभरात मी शिशाच्या काचेतून पेशंटची छाती बघत असते, फुगली का, थांबली का, हलतेय का. सगळं काम त्या सेकंदाच्या आधी झालेलं असायला लागतं.

छातीचा एक्स-रे घे. ज्या प्लेटवर फोटो उमटतो ती लावलेल्या स्टँडकडे पेशंटचं तोंड, पाठ ट्यूबकडे, अंतर सहा फूट. का, तर हृदय पुढच्या बाजूला असतं, ते प्लेटच्या जितकं जवळ तितकी सावली खरी पडते. लाईट गेल्यावर कंदिलापुढे हात धरून आपण भिंतीवर ससा करायचो आठवतं? हात भिंतीजवळ नेला की ससा लहान आणि रेखीव व्हायचा, अगदी तेच. मग खांदे पुढे टाकायला सांगायचे म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात, मग मोठा श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा. आधी दोनदा नुसती प्रॅक्टिस करून घेते मी, कारण "श्वास धरा" म्हटलं की निम्मे लोक गाल फुगवतात आणि छाती तिथेच.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. फर्स्ट इयरच्या शेवटी एक आजी आल्या होत्या, दोन महिने खोकला, टीबीची शंका. बोरमाळ काढली, मंगळसूत्र काढवेना म्हणून वर घेऊन दातांत धरायला सांगितलं, ब्लाउजची पिनसुद्धा काढली, सगळं बघितलं आणि वेणी बघितली नाही. तेल लावून घट्ट घातलेली वेणी उजव्या खांद्यावर पडली होती. फिल्मवर बरोबर फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पांढरट रेघारेघांचा डाग, आणि टीबी बऱ्याचदा तिथेच दिसतो. डॉक्टरांना वाटलं सापडलं. आमच्या सरांनी फिल्म उजेडावर धरली, बराच वेळ बघितली आणि एवढंच विचारलं, "केस वर बांधले होते का गं?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. धावत जाऊन आजींना ओपीडीच्या लाईनीतून परत आणलं, त्यांचा मुलगा रोजंदारी बुडवून आला होता, केस वर बांधून परत घेतला तर ती जागा अगदी स्वच्छ. आजी म्हणाल्या, "होऊ दे बाई, तू कुठं मुद्दाम केलंस." पण त्या बाईच्या अंगातून दुसऱ्यांदा किरण गेले ते माझ्यामुळे. डोस अगदी छोटा, मला पाठ आहे किती, तरी माझ्यामुळे. तेव्हापासून माझ्या खिशात दोन क्लचर असतातच.

क्लासरूमच्या भिंतीवर क्ष-किरण शोधणाऱ्या राँटजेनच्या बायकोच्या हाताचा तो पहिला फोटो आहे, 22 डिसेंबर 1895 चा, हाडं पुसट आणि बोटातली अंगठी काळीकुट्ट गोळा. या गोष्टीनंतर तो बघितला की माझी नजर पहिली अंगठीवरच जाते.

आणखी एक. गेल्या महिन्यात पोटात दुखतंय म्हणून एक नवी नवरी आली, किडनी स्टोनसाठी पोटाचा एक्स-रे लिहिलेला, बरोबर सासू. बाई पेशंट असली की पाळीची तारीख विचारायचीच असते, ती सासूसमोर "वेळेवर आली" म्हणाली, पण बोलताना माझ्याकडे बघेना. मी सासूबाईंना म्हटलं, आतमध्ये एकालाच परवानगी आहे, तुम्ही बाहेर बसा, आणि दार लावून परत विचारलं तर हळूच म्हणते, बारा दिवस वर गेलेत. एक्स-रे थांबवला, डॉक्टरांना फोन केला, लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली, पुढची तपासणी सोनोग्राफीवर झाली. ते मशीनला कळलं असतं का सांग. बायका आमच्यापाशी बोलतात म्हणून या लाईनीत मुली हव्यातच असं मला फार वाटतं.

आईची भीती तुला माहितीय, "तुझ्या लग्नाचं, पोराबाळांचं काय होणार." तिला मी आकडे सांगितले. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट (डोस यातच मोजतात), आणि जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतच असतो, म्हणजे एक एक्स-रे म्हणजे तीनेक दिवसांचं नुसतं जगणं. सीटी मात्र वेगळी गोष्ट, पोटाच्या सीटीला 8-10 पर्यंत जातो, तिथे हलक्यात घेऊन चालत नाही. आमच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे आम्हाला किती डोस लागला ते नोंदवणारा बिल्ला असतो, लेड अॅप्रनच्या आत, दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो, आणि वर्षाला सरासरी 20 च्या वर जायचं नाही असा नियम आहे. शिवाय अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, म्हणून वॉर्डात पोर्टेबल, म्हणजे फिरत्या मशीनवरचा एक्स-रे घेताना वायर जाईल तितकं लांब जाऊन उभी राहते. आई सगळं ऐकून म्हणाली, "तो बॅज विसरू नकोस बाई." आता निघताना रोज विचारते.

बंड्याला एवढंच सांग की कोर्स निवडताना फीच्या आधी हॉस्पिटल बघ. मी आधी एका खाजगी क्लासमध्ये पैसे भरून बसले होते, सहा महिन्यांत सर्टिफिकेट देणार होते आणि मशीन फक्त चित्रात, ते पैसे बाबांचे गेले ते गेलेच, म्हणून कळकळीने सांगतेय. रोज पेशंट असलेल्या ठिकाणी पोस्टिंग मिळतं का ते तिथल्या मुलांनाच विचार म्हणावं. आणि पाठदुखीची तयारी ठेव, बेशुद्ध माणसाखाली प्लेट सरकवणं फार जड काम आहे.

पुढच्या रविवारी माझी डे ड्यूटी आहे, सरांना विचारून ठेवते, त्याला पाठव, बाहेर बसून दिवसभर बघू दे. जेवणाचा डबा दोघांचा आणते.

तुझीच,
नंदी

ता.क. त्याच्या हातात ते लोखंडी कडं असतं ना, घरीच ठेवून ये म्हणावं. एमआरआयच्या दारापर्यंत नेऊन दाखवीन, तिथला मॅग्नेट स्कॅन नसतानाही चालूच असतो.