जुनी व्हॅन घेताना बोजा बघा

संपादक महोदय, सनविवि.

आई-बाबा, भावाचं कुटुंब, पोरं, सगळे एकाच गाडीत कोकणात जावेत म्हणून आम्ही सेकंडहँड डिझेल विंगर घेतली. थंड इंजिन स्टार्ट करून बघितलं, ऑइलचं झाकण उघडल्यावर धूर आला नाही, चासीला गंज नव्हता, म्हटलं चला झालं. पण आधीच्या मालकाचं लोन फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच, एजंट नुसतं "होईल हो" म्हणत राहिला आणि बोजा उतरवायच्या त्या एका फॉर्म ३५ पायी आमचे दोन महिने गेले. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या म्हणून पूर्ण पैसे देऊ नका, प्लीज.

दुसरं म्हणजे गॅरेजवाले सीटा काढून बेड टाकून देतो म्हणतात, पण कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच सांगितलंय. आम्ही तो खर्च टायर, ब्रेक लायनर आणि मागच्या सीटांच्या बेल्टवर केला. कुंभार्ली घाट उतरताना आई पहिल्यांदाच निवांत झोपली होती.

आरटीओने बोजा कसा तपासायचा याचा मराठी बोर्ड दारातच लावावा, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, कराड