रेखास, आखाजीनंतर

अमळनेर

चि. सौ. रेखास,
अनेक आशीर्वाद.

गाडीत बसताना तू फुगलेलीच होतीस. काकूंनी ओमला "कितवीत रे?" विचारलं आणि मी तुला चारचौघांत गप्प केलं, राग येणारच. पण पोरी, दरवेळी उत्तर तूच देतेस. हे पुन्हा काढायचं नाही असं ठरवून बसले होते.

ओमला दिसत नाही. तो एकदम गप्प होतो, मान खाली घालतो, ते रुसणं नसतं. आवाज कोणाचा, कुठून आला, विचारलं ते आपल्यालाच का, हे तो कानांनी जुळवत असतो. डोळस पोराला ते नजरेनं कळतं. म्हणून आधी मनात दहा आकडे मोज. तरी नाही बोलला तर "ओम, काकू तुझ्या डाव्या हाताला आहेत" एवढंच सांग, उत्तर नको. हनुवटी धरून उचलू नकोस. "नाक आवाजाकडे" म्हण.

तहान लागली की "तुला पाणी हवंय?" म्हणतो, म्हणून जावईबापू हसतात. अंध मुलांत मी-तूचा घोळ जरा जास्त दिवस चालतो. तू जे विचारतेस तेच तो परत म्हणतो. म्हणून त्याच्या तोंडचं वाक्य तू म्हणून दाखव: "आई, मला पाणी दे."

पोरांनाही शिकवावं लागेल. आधी नाव, मग बोलणं: "ओम, मी बंटी." "ओळख कोण?" बंद. उठताना "जातो भो" म्हणायचंच. परवा झोक्यापाशी बंटी केव्हाच पळाला होता, आणि हा त्याला ट्रॅक्टरचा आवाज काढून दाखवतोय. पोटात कालवलं गं माझ्या.

अंधांच्या क्रिकेटचा खुळखुळणारा चेंडू मागव. हाताखालून टाकायचा, सोडताना "प्ले" ओरडायचं. कोण कुठे उभं आहे ते ओमच्या कानात सांग आणि बाजूला हो. "मला पण घ्या" हे त्यानं म्हणायचं, तू नाही.

भरवली ना पुन्हा शाळा! रागावू नकोस, तुझी ओढाताण दिसते मला. पण नुसत्या चपलांच्या आवाजावरून त्यानं "आजोबा, केळीला पाणी सोडलं का?" विचारलं, तोंड नेमकं त्यांच्याकडे करून. तुझे बाबा गल्लीभर सांगत सुटलेत. आपण काय जन्मभर पुरणार आहोत त्याला?

पोचल्याचा फोन आला, बोललीस तूच. रविवारी ओमला लावू दे. कुरडयांचा डबा उन्हात ठेव, तळाच्या जरा ओलसर राहिल्यात.

तुझी आई