बटाटे मिक्सरमध्ये? अहो, नका हो सांगू असं!

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढीच्या निमित्ताने तुमच्या रविवारच्या पुरवणीत उपवासाच्या पॅटिसची रेसिपी आली होती. फोटो झकास होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कृतीत लिहिलं होतं की उकडलेले बटाटे मिक्सरमधून फिरवून घ्या, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. गुठळ्या खरंच राहत नाहीत हो, बटाटाच राहत नाही! मी बेचाळीस वर्षं स्वयंपाक करतेय, मला हे कळायला हवं होतं, पण पेपरात छापून आलंय म्हणजे कोणीतरी करून बघितलं असेल असं वाटलं आणि एक किलो बटाटे घातले मिक्सरमध्ये. भांड्यात जे काय तयार झालं ते बघून आमचे हे म्हणाले, पतंगाची खळ कधीपासून करायला लागलीस? हाताला चिकटतंय, चमच्याला चिकटतंय, वरून आरारूट घातलं, शिंगाड्याचं पीठ घातलं, तरी पॅटिस काही वळेना. शेवटी त्याची थालीपिठं लावली, तीही रबरासारखी ताणली जात होती.

माझा भाचा फूड टेक्नॉलॉजी शिकलाय, त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, मावशी, बटाटा शिजला की त्यातला स्टार्च फुगून त्याच्या त्याच्या पेशीत बसलेला असतो, आणि पेशी एकमेकींपासून सुटायला आलेल्या असतात. आपण नुसतं दाबलं तर त्या अलग होतात, बटाटा मोकळा होतो. मिक्सरचं पातं मात्र पेशीच फोडतं, मग आतला सगळा स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ होते. एकदा झाली की मग परत मोकळी होत नाही, वरून कितीही पीठ घाला. म्हणजे ह्यांचं बरोबरच होतं म्हणायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. माझी मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते (मुंबईचं आणि त्या गावाचं १९६८ पासून सिस्टर सिटीचं नातं आहे म्हणे, मला ती तिकडे गेल्यावर कळलं). मागच्या दिवाळीला येताना तिने बटाट्याचा प्रेस आणला, त्याला रायसर म्हणतात. दाबला की बटाटा भातासारखा मोकळा पडतो म्हणून ते नाव. दिसायला लिंबू पिळायच्या चिमट्यासारखाच, फक्त आकाराने चौपट, खाली भोकाभोकाची वाटी आणि वर दाबायचा दांडा. मी तोंडावर काही बोलले नाही पण मनात म्हटलं, आली अजून एक अडगळ, माळ्यावर जाणार. तिने सांगितलं की तिकडे लोक ह्याच्यातून अंड्याचं सरसरीत पीठ थेट उकळत्या पाण्यात पाडतात आणि त्या शेवयांसारख्या प्रकाराला श्पेट्झले म्हणतात, तेव्हा मात्र मला हसूच आलं. म्हटलं, अगं हा तर आपला सोऱ्याच झाला की, आपण तेलात पाडतो, ते पाण्यात.

पण वापरायला लागले आणि मत बदललं. बटाटे कुकरला लावताना पाण्यात बुडवायचे नाहीत, डब्यात नुसते ठेवायचे, पाणी कुकरच्या तळाला. झाकण पडलं की अर्धे कापून दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची. मग सालासकट अर्धी फोड रायसरमध्ये टाकायची, कापलेली बाजू भोकांकडे, आणि दाबायचं. बटाटा खाली पडतो आणि साल वाटीतच राहतं! गरम बटाटे सोलताना बोटं भाजायची, ते बंदच झालं. दर वेळी सुरीच्या टोकाने साल काढून टाकायचं तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर भोकं बुजतात. आणि गरम असतानाच दाबायचा, गार बटाटा घट्ट होतो, मग दांडा वाकेल की काय असं वाटतं. माझं उजवं मनगट दुखतं म्हणून दाबायचं काम ह्यांच्याकडे आहे, रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरात एवढं एकच काम ते न सांगता करतात.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे शेवयांसारखा पडताना बटाट्यातली वाफ निघून जाते, तो कोरडा होतो. आधी मला किलोला वाटीभर आरारूट लागायचं, आता दोन-तीन चमच्यांत भागतं, आणि पॅटिसला पिठाची नाही, बटाट्याची चव लागते. पारीत गुठळी राहिली की तिथेच चीर पडते आणि तळताना खोबऱ्याचं सारण तेलात उधळतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. (सारणात कोथिंबीर चालते की नाही ह्यावर मी बोलणार नाही, आमच्या घरात त्यावरून दोन पक्ष आहेत.) बटाट्याचे पापड, उपवासाची चकली, आलू पराठा, सगळीकडे हाच अनुभव. रताळ्याचे दोरेसुद्धा बरेचसे वाटीतच अडकतात. आणि एक माझा शोध, कोशिंबिरीची चोचवलेली काकडी ह्यात पिळायची, पाणी थालीपिठाच्या पिठात.

लगेच बाजारात पळा असं मी म्हणत नाहीये. चार बटाटे असतील तर किसणी उत्तम, फक्त बटाटा पूर्ण गार हवा. सोऱ्यात शेवेची जाड चकती घालून सोललेले बटाटे दाबले तरी छान मोकळे येतात, माझ्या सासूबाईंच्या पितळी सोऱ्यावर मी करून बघितलंय, फक्त साल काढून घ्यावं लागतं आणि थोडे थोडे भरावे लागतात. पुरणयंत्र मला तितकं नाही आवडलं, दांडा फिरवताना बटाटा जाळीवर घासला जातो आणि जरा चिकट होतो. घ्यायचाच असेल तर स्टीलचा घ्या, लांब दांड्याचा. आणि दुकानात "मॅशर" मागू नका, ती नागमोडी तारेची दांडी हातात देतात, ती पावभाजीला ठीक आहे.

रेसिपीत कुठला बटाटा घ्यायचा तेही लिहीत जा ना. नवा, पातळ सालीचा बटाटा पाणचट असतो, भाजीला छान, पॅटिसला नाही. कोल्ड स्टोरेजचा गोडसर लागतो कारण थंडीत स्टार्चची साखर होते, पापड तळले की लाल पडतात. आमचा भाजीवाला "ज्योती" आणि "चिपसोना" अशी नावं घेतो, मला वाटायचं त्याच्या मुलींची असतील! मग भाच्याने सांगितलं की सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेचे हे वाण, कुफरी ज्योती १९६८ चा आणि चिपसोना १९९८ चा, तो वेफर्ससाठीच काढलेला. चिपसोना कोरडा असतो, मिळाला तर पापडाला तोच घ्या.

श्रावण तोंडावर आलाय, उपवासाच्या रेसिपी तुम्ही परत छापणारच. तेव्हा एवढंच करा, मिक्सर ह्या शब्दावर काट मारून "गरम असताना दाबून घ्या" असं छापा. आणि जमलं तर छापायच्या आधी कोणाकडून तरी एकदा करवून घ्या, नाहीतर आमच्याकडे पाठवा, आम्ही दोघं करून बघू.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. – बटाटेवड्याला मात्र रायसर अजिबात लावायचा नाही. वड्यात बटाट्याच्या फोडी दाताखाली आल्या पाहिजेत, त्याला हातानेच कुस्करायचा. मुलीने एकदा तिकडे रायसरचे वडे केले आणि फोटो पाठवला, मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.