वर्कस्टेशनची सेवा कुठवर, हे बिलावरच छापा

संपादक महोदय,

विंडोज १० या प्रणालीची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा बहुतेक चर्चा घरगुती संगणक आणि लॅपटॉप यांच्यापुरतीच राहिली. कारखान्यांत, वास्तुविशारदांच्या कार्यालयांत आणि छापखान्यांत आठ-दहा वर्षे निमूटपणे राबणाऱ्या वर्कस्टेशनांचा, म्हणजे आरेखनासारख्या जड कामांसाठीच्या ताकदवान संगणकांचा, विचार फारसा कोणी केला नाही.

शिरोली औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे पॅटर्न (ज्यांवरून साचे घडवतात ते नमुने) बनवण्याचा आमचा लहानसा व्यवसाय आहे. २०१६ मध्ये आम्ही एका नामांकित कंपनीची दोन वर्कस्टेशने घेतली. साध्या संगणकाच्या जवळजवळ तिप्पट किंमत का मोजायची, याची विक्रेत्याने दोन कारणे दिली होती : मेमरीतील चुका आपोआप दुरुस्त करणारी रचना आणि वर्षानुवर्षे मिळणारी सेवा. पहिल्या कारणाबद्दल तक्रार नाही. मात्र गेल्या पावसाळ्यात एका यंत्राचा पॉवर सप्लाय बंद पडला आणि बाजारातला दुसरा त्यात बसेना, कारण पेटीचा आकार आणि जोडणीचे सॉकेट हे दोन्ही कंपनीने स्वतःपुरते वेगळे ठेवलेले. विचारणा केल्यावर ‘हे मॉडेल आता सेवेत नाही’ एवढेच उत्तर आले. सोबत नव्या यंत्राचे दरपत्रक होते. अखेर गावातल्याच एका कारागिराने फुगलेले कपॅसिटर बदलून तोच सप्लाय चालू करून दिला.

अशा वेळी खर्च केवळ नव्या पेटीचा नसतो. सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक (परवाना तपासणारी किल्ली), सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रासाठी बसवून घेतलेला पोस्ट-प्रोसेसर (कामाच्या आराखड्याचे त्या यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम), दहा वर्षांची ड्रॉइंगे, हे सगळे नव्या यंत्रावर सुरळीत चालेपर्यंत काम अडते. कंपन्या जिला ग्राहकनिष्ठा म्हणतात, तिच्यात या अडकलेपणाचा वाटा किती, हे त्यांनी एकदा तपासून पाहावे.

कोणतीही कंपनी जुने यंत्र अनंतकाळ सांभाळू शकत नाही, हे मान्य. तरीही निष्ठावान ग्राहक हा बाजार असतो, याचे एक उदाहरण आठवते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ मध्ये व्हॅक्स संगणकांसोबत व्हीएमएस ही प्रणाली आणली. पुढे ती व्हॅक्सस्टेशन नावाच्या वर्कस्टेशनांवरही चालली आणि आपल्या रेल्वेच्या आरक्षणाचा भार तिने अनेक वर्षे वाहिला. कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅककडे आणि २००२ मध्ये एचपीकडे गेली. एचपीने २०१३ मध्ये ही प्रणाली पुढच्या यंत्रांवर नेणार नसल्याचे सांगितले, तेव्हा ती मोडीत निघाली असे वाटले होते. परंतु २०१४ मध्ये व्हीएमएस सॉफ्टवेअर या नव्या कंपनीने ती जबाबदारी घेतली आणि २०२२ मध्ये आजच्या सर्वसाधारण प्रोसेसरांवर चालणारी तिची आवृत्ती ग्राहकांच्या हाती दिली. सेवेचे पैसे मोजायला तयार असलेले जुने ग्राहक नसते, तर हा उद्योग कोणी केला असता?

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने सुरुवातीला शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. कार्यालयीन वर्कस्टेशन त्यांत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला तेवढी सवलत आहे. चार माणसे कामाला असलेला आमच्यासारखा कारखानदार यात नेमका कुठे बसतो, हे वकीलही ठामपणे सांगत नाहीत.

म्हणून मागणी एवढीच आहे की, सुटे भाग आणि सुरक्षेची अद्यतने कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे वर्कस्टेशनच्या बिलावर छापणे बंधनकारक करावे. आणि ती तारीख उलटल्यावर सर्किटचे नकाशे व दुरुस्तीची पुस्तिका स्वतंत्र कारागिरांना खुली करावी. यात कंपनीचे फार नुकसान नाही, कारण तोवर त्या यंत्रातून तिला काही मिळायचे राहिलेले नसते.

आमचे दुसरे यंत्र आज ना उद्या बदलावे लागेल. त्यासाठी तीन विक्रेत्यांना ही तारीख लेखी विचारली आहे. दोघांनी सवलतीचे दर कळवले, तारीख कळवली नाही. तिसऱ्याचे उत्तर यायचे आहे.

– एक लघुउद्योजक, शिरोली (जि. कोल्हापूर)