मागच्या बाकावरच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकलं असतं, तर "हे कशाला गं" म्हणत तुम्ही ते पंचांगात खोचून ठेवलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव मात्र घालत नाही, तेवढा तुमचा धाक अजून आहे.

जून २०१७ मध्ये मी शाळेत रुजू झाले. बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्या पहिल्याच बॅचची मी. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या छोट्या पाठांच्या सरावात, माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं नव्यानं आखणी, मग परत सहा आणि सहा. समोर विद्यार्थी म्हणून मैत्रिणीच बसायच्या आणि शहाण्यासारखी उत्तरं द्यायच्या. या पद्धतीवर १९७० च्या दशकात भारतात जे काम झालं, त्यातलं बरंचसं आपल्या बडोद्याच्या विद्यापीठात झालं, हे मी मुलाखतीतही ऐटीत सांगितलं होतं.

आणि मग सातवीचा वर्ग. एकसष्ट मुलं, दोन पंखे, त्यातला एक चालू. शिक्षणहक्क कायदा या वर्गांना पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. आमच्या मजल्यावर तो कायदा पोचलेला नव्हता.

ऑगस्टमध्ये तपासणीला कुणीसं आलं, दहा मिनिटं दारात उभं राहिलं आणि शेरा देऊन गेलं: 'वर्गावर पकड नाही.' पकड येते कशी, ते काही त्यात लिहिलेलं नव्हतं. मी स्टाफरूममध्ये राजीनाम्याचा कच्चा मसुदा लिहीत होते आणि तुम्ही शेजारी संस्कृतच्या वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "बुधवारी चौथा तास मला मोकळा असतो. तुझ्या वर्गात मागे येऊन बसू का? गणित मला येत नाही, तेव्हा बरंच आहे."

पहिल्या बुधवारी तुम्ही काहीही बोलला नाहीत. सुरसागर तलावाच्या कठड्यापाशी चहा घेताना वहीचं एक पान पुढे सरकवलंत. त्यावर फक्त रेघा. 'समजायुं?' असं मी पस्तीस मिनिटांत एक्केचाळीस वेळा विचारलं होतं आणि वर्गानं एक्केचाळीस वेळा सुरात 'हा बेन' म्हटलं होतं. मला हसू आलं, मग घशात आवंढा आला. "आता शेवटच्या बाकावरच्या त्या दोघांना उद्या एकेक गणित घाल," एवढंच म्हणालात. घातलं. दोघांनाही येत नव्हतं.

पुढच्या बुधवारी बाकांचा नकाशा. माझा प्रश्न जिथे गेला, तिथे फुली. खिडकीकडच्या पहिल्या दोन बाकांवर फुल्यांचा पाऊस, दाराकडचा कोपरा कोरडा ठणठणीत. त्याच दिवशी तुम्ही मला मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधक बाईंबद्दल सांगितलंत. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, असं त्यांना दिसलं होतं. तीन सेकंद म्हणजे काय ते वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जीव टांगणीला लागतो. त्यावर तोडगाही तुमचाच: प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा, दोन्ही हात पुसायचे, मगच वर बघायचं. माझ्या ओढणीला तेव्हापासून जो खडू लागतो, तो धुऊन जात नाही.

पण मला खरं शिकवलं ते तिसऱ्या महिन्यात. वजा तीनमधून वजा पाच काढायचे होते. मी ठोकून दिलं, वजा वजा अधिक. मागून हात वर झाला, तो तुमचा. "बेन, का?"

नियम आहे म्हणून, असं मी म्हणाले. मुलं हसली. तुम्ही नाही हसलात.

त्या संध्याकाळी खंडेराव मार्केटमध्ये मेथीच्या जुड्या निवडता निवडता ते सुटलं. पाकिटात दोन रुपये आणि भाजीवालीची उधारी पाच, म्हणजे मी वजा तीनवर. तिनं उधारी सोडून दिली, म्हणजे वजा पाच काढून घेतले. उरले माझे दोन. बी.एस्सी. गणित झालेल्या मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. भाजीवाली मात्र म्हणाली, "मी कशाला सोडू?"

उलट तुम्ही मलाही तुमच्या तासाला बसवलंत, वही हातात देऊन. मी भीतभीत लिहिलं की फळ्यापाशी तुम्ही फक्त मुलग्यांना बोलावता. तुम्ही चष्मा काढलात, पान दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "तीस वर्षं झाली, कुणी सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी 'रामः रामौ रामाः' लिहायला पहिली मुलगी उठली.

आता नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण आहे. मी जाते. प्रोजेक्टर असतो, खमण असतो, प्रमाणपत्र मिळतं. काही व्याख्यानं चांगलीही असतात. पण माझ्या वर्गातली फुली कुठे पडली, हे तिथे कुणाला ठाऊक असणार? तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं, एक पैसा मिळाला नव्हता, मोकळा तास मात्र गेला. तुमच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाच्या गडबडीत यातलं एक अक्षर मी बोलू शकले नाही. मनापासून आभार, बाई. फार उशिरा.

राजीनाम्याचा तो कागद तुमच्याकडेच राहिला आहे. पाठकोऱ्या बाजूला तुम्ही वाणसामानाची यादी केली होती.

यंदा विज्ञानाला एक नवी मुलगी आली आहे, सव्वीस-सत्तावीसची. गेल्या बुधवारी मी तिच्या वर्गात मागे बसले. मी रेघा ओढल्या, नकाशा काढला, सगळं केलं. चहाच्या वेळी मात्र तोंडातून धडाधड सात सूचना निघाल्या आणि तिचा चेहरा पडला. तुम्ही एकच कशी निवडायचात? रविवारी चारला येते. मेथी घेऊन येते.

तुमची,
चौथ्या तासाची गणिताची बेन
दांडिया बाजार, बडोदे